मोरॅगचा बोळ

सकाळी सहाला कुंपणाच्या खांबाला टेकून
मी माशा मोजते.
खालच्या धक्क्यावर म्हणतात, एफी आता नुसत्या माशा मारते.
मारत नाही, बाबांनो. मोजते.
एका अंगावरच्या मोजायच्या, दुसरं अंग तेवढंच धरायचं.
शंभर असल्या तर चालवून घ्यायचं,
दोनशेला हातपाय हलवायचे.
आज रोनाच्या खांद्यावर मी तीनशेला थांबले.
पुढे आकडा नव्हता,
नुसती काळी सळसळ होती.

शिंगमाशी डोकं खाली करून बसते, पंख अर्धवट उघडे.
रात्रंदिवस गाईवरच तिचं बिऱ्हाड.
गाय शेण टाकते तेवढ्यापुरती खाली उतरते,
पो ऊन आहे तोवर अंडी घालते
आणि पुन्हा वर, आपल्या जागी.
भाड्याचं नाव नाही.

केप ब्रेटनचा उन्हाळा तो केवढा!
तेवढ्यातही त्यांच्या पाच पिढ्या होतात.

डॉक्टर ग्रेगरने कानात औषधाचे बिल्ले लावून दिले.
पहिल्या वर्षी रामबाण.
तिसऱ्या वर्षी माशा बिल्ल्यावरच बसून
पाय चोळायला लागल्या.
मग मिठात लसूण. दुधाला वास, माशांना काही नाही.
मग कोंबड्या: गाई पुढच्या कुरणात गेल्या
की मागे तिसऱ्या दिवशी कोंबड्या सोडायच्या,
त्या पो उकरून अळ्या वेचतात.
छान चाललं होतं.
माशी कुठे शिंकली म्हणाल,
तर कोल्ह्याच्या बिळापाशी.
अठरातल्या सात राहिल्या.

ॲलन होडी विकून अल्बर्टाला तेलावर गेला,
जाताना ताडपत्री माझ्याकडे ठेवून.
फोनवर अजून विचारतो, नीट घडी घातलीस ना?
घातली, म्हणते मी.
तिच्या मी हातभर रुंद पट्ट्या कापल्या,
कुरण आणि पाण्याचं टाकं यांच्या मधल्या फाटकावर
लाकडी बोळ उभा केला, छताला पट्ट्या टांगल्या.
आत काळोख. बाजूला जाळी, जाळीमागून उजेड.
गाय आत शिरली की पट्ट्या पाठ झाडणार,
माशा उजेडाकडे धावणार,
आणि जाळीच्या फटीतून आत गेल्या की संपलं.

कागदावर.

गाई आठ वाजता तोंडाशी आल्या आणि थांबल्या.
दहाला थांबलेल्याच. दुपारी एकला जिभा बाहेर.
मी ढकललं, चुचकारलं, बादली वाजवली,
माझ्या आईची एक अस्सल शिवी दिली.
रोनाने माझ्या पायावर खूर ठेवला, विचारपूर्वक.

मोरॅग सगळ्यांत मागे उभी होती.
चार उन्हाळ्यांपूर्वी डोळे आले तिचे, दोन्ही.
तोंडावरच्या माशांनी आणलेलं दुखणं.
तेव्हा मी मोजत नव्हते.
मला वाटलं, उन्हाने पाणी येतंय.
आधी दुधाळ झाले, मग निळसर,
मग ती कुंपणाला धडकायला लागली.

तिने नाक वर केलं. पाण्याचा वास घेतला.
आठ जणींना खांद्याने बाजूला सारत
सरळ बोळात शिरली.
काळोखाचं तिला काय!
पट्ट्या सपासप पाठीवरून गेल्या, आत भुणभुण उठली,
आणि ती पलीकडे निघाली
टाक्यात तोंड घालत.
पाठ तांबडी.
विसरलेच होते मी, किती तांबडी आहे ती.

मग रोना. मग पीगी. मग सगळ्या,
एकमेकींच्या शेपटीला नाक लावून.

आज, अकराव्या सकाळी, रोनावर बेचाळीस.
स्प्रूसच्या सावलीत दोघी दोघी उलटसुलट उभ्या,
एकीच्या तोंडावर दुसरीचं शेपूट,
माशा नसल्या तरी फिरतंय.
मोरॅग एकटीच, कुंपणापाशी.
तिच्या डोळ्याच्या कडेला एक बसली होती.
मी हाताने उडवली.
ती परत आली.
परत उडवली.
घरात चुलीवर दूध उतू गेलं, जाऊ दे.